हनुवटीवरचे तीन ठिपके

मुलांनो,

तुम्ही घराण्याची वेबसाइट करताय आणि थोरल्या आजीच्या पानासाठी चित्र मागितलंत. जेपीजी चालेल, असंही कळवलंत. मी पाठवलं, तुम्ही चढवलंत. काल ते मोठं करून पाहिलं, तर प्रत्येक रेघेच्या कडेला धूळ बसल्यासारखी दिसली आणि हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांचा एकच डाग झाला होता. हा डाग मी पूर्वी एकदा पाहिला आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

थोरली आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणायची, त्या मला मास्तरीणबाई. मी परभणीत शाळेत इंग्रजी शिकवत होते. अक्का पेडगावकडच्या आपल्या गावात शेती बघत. ग्रामपंचायतीत बायकांसाठी राखीव जागा आल्या तेव्हा अक्का उभ्या राहिल्या. खरं म्हणजे भावजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, त्यांना उभं केलं आणि प्रचाराच्या पत्रकावर स्वतःचा फोटो छापायचं ठरवलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. समोरच्या बाईंच्या पत्रकावरही त्यांच्या यजमानांच्या मिशा होत्या.

अक्कांना मात्र स्वतःचं तोंड हवं होतं.

"मत माझ्या नावानं मागायलेत ना? मंग तोंड बी माझंच पायजे," त्या म्हणाल्या. "मेल्यावर भिंतीला टांगतालच. त्याच्या आधी एकदा तरी दिसू द्या."

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, ही रीत भावजी पाळत. मी समोर असले की ते खांबाशी बोलत. खांबाला ते म्हणाले, "हिला कोन वळखतंय? मला देवगाव फाट्यापर्यंत वळखतात."

"फाट्यावरल्या लोकायला इथं मत न्हाई," अक्का म्हणाल्या.

शेवटी असं ठरलं, की अक्कांचा फोटो ओळखू येईल असा छापला गेला तर तो, नाहीतर भावजींचा. सगळी भिस्त पत्रकावर होती. गावातल्या भिंतींवर तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या घोषणा होत्या; त्यांवर चुना फासून निवडणुकीचं चिन्ह काढायची कुणाची हिंमत नव्हती.

त्या काळी छापखान्यात फोटो छापायचा तर आधी त्याचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे, आणि ब्लॉक दोन जातींचे असत. हाफटोनमध्ये फोटोचे बारीक ठिपके करत, सावलीत दाट, उजेडात विरळ. रेघांच्या ब्लॉकमध्ये फक्त काळं आणि पांढरं; मधलं करडं काही नाही. फोटोला हाफटोन, रेघांच्या चित्राला रेघांचा, असं छापखानेवाल्यांनी सांगितलं आणि मी ते व्याकरणाच्या नियमासारखं मान्य केलं.

अक्कांचा एकच फोटो होता. कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर पदर, अर्ध्या तोंडावर सावली. त्याचा हाफटोन औरंगाबादहून करून आणला. पत्रकाचा कागद गुलाबी, स्वस्त, शाई पिणारा. नमुना हातात आला. एका बाजूला कपबशी, हे अक्कांचं चिन्ह. तिचा तयार रेघांचा ब्लॉक छापखान्यात होताच. कपाचा कानसुद्धा स्वच्छ उठला होता. दुसऱ्या बाजूला पदर घेतलेला अंधार.

अक्कांना गाव ओळखे ते हनुवटीवरच्या गोंदणावरून, तीन हिरव्या ठिपक्यांवरून. मी भिंग घेऊन ते शोधले. ठिपक्यांत ठिपके हरवले होते.

भावजी खांबाला म्हणाले, "कपबशी लय झकास आली. तिलाच उभं करा." आणि स्वतःच्या फोटोचं पाकीट खांबाशेजारी ठेवलं.

अक्कांनी नमुना उलटा करून कोनाड्यात ठेवला आणि भाकरी थापायला बसल्या.

परतीच्या एसटीत मी त्याच नमुन्याची दुसरी प्रत मांडीवर घेऊन बसले होते. कपबशी रेघांची, म्हणून नीट आली. मग अक्कांनाही रेघांत आणावं. फोटोवरून काढून भागणार नव्हतं, कारण अर्धं तोंड फोटोत नव्हतंच. पुढच्या रविवारी टाक आणि काळी शाई घेऊन गेले आणि अक्कांना उजेडात बसवलं.

"नाक लय लांब काढायलाव, मास्तरीणबाई."

"आहे तेवढंच काढते. हलू नका."

"मंग थोडं कमी काढा. लोकायला मत द्यायचंय."

मी नाक कमी केलं नाही. पदराची कड, कुंकू, दोन्ही डोळे, आणि सगळ्यात शेवटी टाकाच्या टोकानं तीन ठिपके.

त्याचा ब्लॉक झाला, नवा नमुना आला. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तो आधी आडवा धरला, मग उभा, आणि हनुवटीवर बोट ठेवलं. "ही तर आपली गोंदनवाली. कपबशी हिची व्हय?"

भावजींनी नमुना बराच वेळ पाहिला. मग खांबाला म्हणाले, "नाक लांब आलंय."

"माझंच हाय," अक्का म्हणाल्या.

भावजींनी पाकीट उचलून खिशात घातलं. अक्का निवडून आल्या. किती मतांनी ते मला आठवत नाही. भावजींना आठवे, ते खांबाला सांगत.

तेव्हा आता असं करा. जेपीजी फोटोसाठी ठीक आहे. तो छटा सांभाळतो, पण फाइल लहान करताना रेघेच्या कडेला चिखल करतो. पीएनजी रेघ आहे तशी ठेवतो, आणि चित्र दोनच रंगांचं असलं की फाइलही हलकी राहते. अक्कांचं चित्र नव्यानं स्कॅन करून पीएनजीमध्ये पाठवते आहे, ते लावा. भावजींचा फोटो जेपीजीच राहू द्या. त्यांचं काही बिघडणार नाही.

लग्नातला फोटो वाळवीनं खाल्ला. हाफटोनचा ब्लॉक भंगारात गेला. रेघांचा ब्लॉक माझ्या कपाटात आहे. जस्त काळं पडलं आहे, लाकूड एका कोपऱ्यात फुटलं आहे. तीन ठिपके शाबूत आहेत.