कुंदाची पावलं आणि माझा जळफळाट

कुंदा गेली तेव्हा मला आधी रडू नाही आलं. आधी वाटलं, सुटले. आता घरात तिचं कौतुक बंद.

कुठलं काय. आज वर्ष झालं तरी चालूच आहे.

कुंदा माझी धाकटी जाऊ. सिनेमात पावलांचे आवाज काढायची. पडद्यावर हिरॉईन पळते ना, ते पाय हिरॉईनचे, आवाज आमच्या कुंदाचा.

मी चौथी शिकलेली बाई. हे फोनवर बोलून लिहितेय, माझी नात तन्वी चुका काढतेय. काढू दे.

तर ते काम आधी मला सांगून आलं होतं. स्थळ येतं तसं.

तेव्हा आम्ही मरोळला चाळीत राहायचो. शेजारचे मधुभाऊ आवाजाच्या स्टुडिओत होते. शूटिंगमध्ये पावलं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून नंतर बंद खोलीत पडदा लावून परत चालायचं. त्यांना बाई हवी होती.

"वैनी, नुसतं चालायचंय."

"चालायला बाई मिळत नाही तुम्हाला?"

"मिळतात हो. तुमच्यासारखी ठाम कोणी चालत नाही."

एकटी कशी जाणार स्टुडिओत? सोबतीला कुंदाला नेलं.

मीच नेलं.

खोलीत एका चौकोनात खडी, एकात रेती, एकात लाद्या, कोपऱ्यात लोखंडी पायरी. पडद्यावर मुका सिनेमा. बंद पडलेला कारखाना, हिरॉईन जिन्यावर लपलेली, गुंड तिला शोधतोय.

मी चालले. तिचा पाय टेकला की माझा टेकला. एकदम झकास. मधुभाऊंनी मान डोलावली.

तेवढ्यात काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडला, "बांगड्या वाजतायत. काढा."

"माझा नवरा जिवंत आहे," मी म्हटलं.

"मग वरून रुमाल बांधा."

"बांधणार नाही. तुमचं मशीन सुधारा."

मला वाटलं, मनधरणी करतील.

कुंदाने आपल्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या.

"वैनी, जरा धरा हां."

बसले धरून. हलायचीही चोरी, किणकिण होईल म्हणून.

पहिल्यांदा ती चुकली. दुसऱ्यांदा चुकली. मला बरं वाटलं.

मग तिने गुंडाच्या पावलांसाठी ठेवलेले बूट घातले.

पडद्यावर आता फक्त हिरॉईनचा चेहरा, हा एवढा मोठा. मधुभाऊ म्हणाले, "इथे पाय दिसत नाहीत. इथे काही नको."

"दिसत नाहीत म्हणूनच हवेत ना," कुंदा म्हणाली. "तिला कुठे दिसतोय तो? तिला फक्त ऐकू येतोय."

आणि लोखंडी पायरीवर एक पाऊल टाकलं. थांबली.

दुसरं, जरा घासत. थांबली.

तिसरं टाकलंच नाही.

मेली! समोर कुंदा आहे, सकाळी नळावर माझ्याशी भांडलेली कुंदा, हे दिसत होतं. तरी वाटलं, आता मागून कोणीतरी मान धरणार.

रेकॉर्डिस्ट बाहेर आला. "ह्या बाईंना उद्या परत आणा."

ह्या म्हणजे ती.

पुढे हातपाय चालत होते तोवर तिने तेच काम केलं. घरी टीव्हीवर मारामारीचा सिनेमा लागला की पोरं तिच्याभोवती.

"आता बघा, शॉट छोटे छोटे होत जातील. दार. हात. परत दार. दम खाऊ देत नाहीत तुम्हाला. आता म्युझिक बंद होईल. बंद झालं की समजायचं, आला."

आणि खरंच यायचा. पोरं किंचाळायची. तन्वी तर तिच्या मांडीवर. नात माझी, मांडी तिची.

मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "चपला आपटायचं काम, त्याचं केवढं!"

"खरंय वैनी," ती हसायची. "तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या चालला होतात."

ते तर जास्तच झोंबायचं.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

स्टुडिओतून आलो त्याच संध्याकाळी मी चाळभर सांगितलं, कुंदाने नवरा जिवंत असताना बांगड्या उतरवल्या.

दोन वर्षांनी दिनू भाऊजी गेले. कुंदाचा नवरा. आणि चाळ, सासू, गावची माणसं, सगळे एकच बोलायला लागले. हिने बांगड्या काढल्या म्हणून तो गेला.

सासू मरेपर्यंत कुंदाशी धड बोलली नाही.

मी एका शब्दाने कोणाला आवरलं नाही. कारण पहिल्यांदाच घरात मी तिच्यापेक्षा बरी ठरले होते.

भाऊजींनी कावीळ अंगावर काढली होती. डॉक्टरकडे चला म्हणून कुंदा त्यांच्या हातापाया पडायची. मी डोळ्यांनी बघितलंय.

हे कोणी पसरवलं, असं कुंदाने कधी विचारलं नाही. एकदाच, मेथी निवडताना म्हणाली, "वैनी, चाळीतले त्या खोलीत आपण दोघी आणि मधुभाऊच होतो ना?"

मी मेथी निवडत राहिले. ती पण.

काल तिथीने तिचं वर्षश्राद्ध झालं. गावची एक म्हातारी पंगतीत परत तेच बोलली, कुंदाच्या मुलीसमोर. मेघा भरल्या पानावरून उठली.

मी तेव्हाही गप्प.

म्हणून इथे लिहिते. सगळे नातेवाईक इथेच पडलेले असतात.

मेघा, तुझे बाबा काविळीने गेले. बाकी सगळं माझ्या तोंडाने केलं. तुझ्या आईने माझं काम हिसकावलं नाही, मी ताठ्यात सोडलं. पुन्हा कोणी तिच्याबद्दल बोललं तर माझ्याकडे पाठव. बघते एकेकाला.

तन्वी विचारतेय, "आजी, खरंच टाकू हे?"

टाक.

कुंदा, मी तुझ्यावर जळले. अजून जळते, खोटं कशाला बोलू. बाकीच्यांनी भावपूर्ण लिहिलंय, मला तसलं जमत नाही.

हात जोडते तुला. चुकले.

तुझी वैनी