तापलेला क्लॅरनेट

आमच्या बँड पार्टीत बाबा क्लॅरनेट वाजवायचे आणि मी कीबोर्ड. कापसानं सगळ्यांना रडवलेली ती वर्षं. लोक लग्नं घरच्या घरी उरकायचे, बँड सांगितलाच तर पाच-सहा माणसांचा. हातातलं काम बिघडू नये, या धास्तीतच आम्ही असायचो.

मे महिन्यात दारव्ह्याकडच्या एका गावात लग्न होतं. जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून बाबांच्या क्लॅरनेटची पेटी टपावर बांधली. भर दुपारी पोचलो तर नवरदेव घोड्यावर बसलेला. उतरल्या उतरल्या वाजवायला उभं राहावं लागलं.

पहिल्याच ओळीला कळलं, क्लॅरनेटचा सूर कीबोर्डच्या वर चाललाय. बाबांनी तोंडाजवळचा सांधा थोडा बाहेर ओढला. तरी जमेना.

"घडीभर सावलीत ठेवू दे," ते म्हणाले. "बाजा उन्हानं तापला हाय. तापला का सूर चढते."

वरातीतले लोक हसायला लागले होते. समोरचा माईक चालू आहे हे विसरून मी बोललो, "कारणं कायले सांगता, बाबा? कान गेले तुमचे."

ते अख्ख्या वरातीनं ऐकलं.

पार्टीचे मालक पुढे आले आणि त्यांनी बाबांच्या हातात खुळखुळा दिला. मांडवापर्यंत बाबा खुळखुळा वाजवत चालले. पुढच्या लग्नांतही खुळखुळाच राहिला. क्लॅरनेटसाठी मालकांनी यवतमाळचा एक वादक आणला. मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

डिसेंबरात कळंबला सकाळचं लग्न होतं. कडाक्याची थंडी. नव्या वादकाचा सूर माझ्या कीबोर्डच्या खाली पडत होता. माणूस तयारीचा, पण सांधा पूर्ण आत दाबूनही सूर वर येईना. बाबांनी खुळखुळा खाली ठेवला आणि ते त्याच्याजवळ गेले.

"भाऊ, आवाज न काढता आत गरम श्वास सोडत राहा. गारठला हाय तो."

त्यानं तसं केलं. थोड्याच वेळात सूर चढत चढत माझ्या सुराला येऊन मिळाला. माझी बोटं पट्ट्यांवरच थांबली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं."

"सांगितलं तर होतं मी तुले," एवढंच म्हणून ते चप्पल काढायला वाकले.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेलो आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्यांनी बाबांना परत क्लॅरनेटवर घेतलं. बाबा त्यानंतर दोन उन्हाळे वाजवत होते, सुरात. पण प्रत्येक गाण्याआधी ते एक सूर लावायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. मला सारेगम त्यांनीच शिकवलं होतं. मी मान हलवायचो, पण तेव्हा त्यांच्या डोळ्यांत बघवायचं नाही.