आवाज बसलेला टीव्ही

“याचा आवाज बसलाय बगा,” असं म्हणून माझे शेजारी कुठलीही वस्तू कानाशी धरून हलवायचे. मोबाइल, गजराचं घड्याळ, एकदा तर आमच्या दाराची बेल. बेल हलवता येईना म्हणून तिला बोटाने टिचक्या मारल्या. हल्लीच्या मालात दम राहिलेला नाही, हे वाक्य वर ठरलेलं.

तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल, प्रत्येक वस्तूत खोट काढणारा. आपण हसतो आणि जिना उतरतो. मीही उतरायचे.

थेरगावातल्या आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या खोल्यांत राहायचे. मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपला होते, कॉन्ट्रॅक्टवर. तिथे पत्र्यावर दिवसभर साचा आदळत असतो, शेजारच्याशीही हातवाऱ्यांनीच बोलावं लागतं. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा बोलावणं, आणि बोलावण्याआधी मेडिकल. कुणाला बोलवायचं हे ज्याच्या हातात, तो कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर नेमका त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहायला. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळते. मेडिकलमध्ये काय बघतात ते मला माहीत आहे. डोळे बघतात, रक्तदाब बघतात, आणि प्रेसशॉपवाल्यांचे कान.

सुपरवायझर एकदा त्यांना जिन्यातच भेटला. मी भाजी घेऊन वर चढत होते.

“काय राव, सगळ्या बिल्डिंगला बातम्या ऐकवताय. कान गेले काय?” तो हसत म्हणाला.

चेष्टाच होती. पण त्यांचा चेहरा असा उतरला, की मी पिशवी खाली ठेवली.

“टीव्ही बिघडलाय साहेब. कमी केला की येतच न्हाई, वाढवला की एकदम वाढतोय.”

“मग बदला की.”

“दिवाळीला बदलणारच हाय.”

झालं. बोलून बसले, आता बदलणं भाग होतं. त्या दिवसापासून त्यांच्याकडचा टीव्ही बंद. नुसता आवाज बारीक करून चाललं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण बारीक आवाजात टीव्हीसमोर बसण्यात त्यांना काय मिळणार होतं? संध्याकाळी ते आणि वहिनी, त्यांची बायको, बिनबोलता बसलेले असायचे. खालून सुपरवायझरच्या चपला वाजल्या की वहिनी उठून दार लोटून घ्यायच्या. वहिनींना चपला ऐकू यायच्या. त्यांना वहिनींचं उठणं दिसायचं.

बोनस झाला तशा वहिनी माझ्याकडे आल्या. “ताई, तुमी बी चला की संगं. ह्यांना काय बी गळ्यात मारतील.” घासाघीस मला जमते, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे.

डांगे चौकातल्या दुकानात जुना टीव्ही दिला की नव्यावर थोडी सूट होती. म्हणून जुना चादरीत गुंडाळून रिक्षाने नेला. ते दोन्ही हातांनी त्याला धरून बसले होते. काळेवाडीचा फाटा गेला. मग एकाएकी मला म्हणाले, “ताई, तुमच्या कंपनीत कानाच्या तपासणीला पाठ करून बसवत्यात का?”

“का?”

“आमच्याकडं समोर बसवायचे. बटण दाबून आवाज सोडणारीचा हात दिसायचा. हात हलला की आपण बोट वर करायचं. औंदा म्हणं खुर्ची फिरवलीय.”

वहिनी रिक्षाबाहेर बघत होत्या. मीही बाहेर बघितलं.

दुकानातल्या विक्रेत्याने आधी जुना टीव्ही मागितला. चालू असेल तरच सूट, असा तिथला नियम. त्याने वायर लावली आणि बटण दाबलं. आवाज घरी ठेवला होता तेवढाच वर होता. एका बाईचं बातम्या देणं दुकानभर घुमलं. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कुठं फाटत नव्हता, कुठं अडकत नव्हता. विक्रेत्याने घाईने कमी केला, तोही नीट कमी झाला.

“काका, हा तर एकदम ओके आहे. कशाला बदलताय?”

ते वहिनींकडे बघत राहिले, हा माणूस काय म्हणाला ते सांग, अशा नजरेने.

“बिघडलाय तो,” वहिनी म्हणाल्या.

“अहो मावशी, आत्ता ऐकलं ना तुम्ही.”

“हे म्हणतात ना बिघडलाय, मग बिघडलाय. नवा दाखवा.”

त्यांना स्वतःला तरी तो बिघडला आहे असं वाटत होतं का, मला आजही सांगता येणार नाही. आधी वाटत असावं. त्या दिवशी दुकानात मात्र त्यांनी चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

विक्रेत्याने मोठा पडदा दाखवला, चकचकीत. वहिनींची नजर क्षणभर अडकली. तो बोनसमध्ये बसत नव्हता, हे तिघांनाही कळत होतं. मी विचारलं, “हेडफोन कुठल्या टीव्हीला लागतो?” त्याने कोपऱ्यातला एक लहान, साधा टीव्ही दाखवला. मागे वायरची जागा होती. हेडफोन त्याच्याकडून फुकटात काढून घेतला. घरी जाऊन लावला. त्यांनी तो कानावर चढवला, आवाज वाढवत नेला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या खांद्यांतला ताण सैल झालेला मी पाहिला. बाहेर चिटपाखरालाही ऐकू जात नव्हतं.

मेडिकलला खुर्ची खरंच फिरवलेली होती. ते अंदाजानेच बोट वर करून आले. दिवाळीनंतर बाकीच्यांना बोलावणं आलं, त्यांना आलं नाही. सुपरवायझरने कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. खोल्या सोडून ते आकुर्डीकडे गेले.

नंतर एकदाच दिसले. मी आकुर्डीत एका कामाला गेले होते, परतीच्या बससाठी उभी होते. समोर एका सोसायटीच्या फाटकाशी निळ्या शर्टात, खुर्चीवर ते. वॉचमन. एक तळवा त्यांनी लोखंडी फाटकावर टेकवून ठेवला होता. फाटक हलेल तेव्हा कळावं म्हणून.

आतून एक गृहस्थ आले, सोसायटीचे कोणी असावेत. त्यांच्या पाठीमागे उभे राहून काही बोलले. मग जरा मोठ्याने. ते रस्त्याकडे तोंड करून तसेच बसलेले. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी हात वर केला आणि त्यांच्या मागे बोट दाखवलं.

ते लगेच उठून वळले. ओठ हलले. ‘बोला साहेब’ म्हणाले असावेत. गृहस्थ काही सांगून आत गेले.

माझी बस आली. खिडकीशी बसून बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. भुवया वर करून विचारत होते, अजून कुणी आहे का मागे?

मी मान हलवून नाही म्हणाले. बस सुटली.