मावशीचे आठ तास

माझ्या मावशीइतका कायद्यावर विश्वास असलेलं माणूस नंदुरबार जिल्ह्यात, न्यायाधीश धरूनही, दुसरं सापडायचं नाही. शिक्षण चौथीपर्यंत, पण आमच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरच्या वाळत घालायच्या त्या अफाट मैदानावर, शेठनी तपासणीच्या धाकाने कामगार कायद्याचा जो तक्ता लावला होता, तो वाचला एकट्या तिनेच. तोही रोज, स्तोत्र म्हणावं तसा मोठ्याने. मी तिथे मुकादम, म्हणजे तिचा साहेब. पण ती समोर आली की माझेच हात आपोआप मागे बांधले जायचे. "भाऊ, पानीमा मिरचीन्या बिया शेतस. तक्तामा स्वच्छ पानी लिखेल शे," असं ती म्हणाली की मी माठ विसळायला धावायचो.

आठ तास भरले की ती पदर झटकून उठायची आणि तिच्यामागे चाळीस बायका. एकदा माल भरायला ट्रक येऊन उभा होता. शेठनी हात जोडले, "एक तास बसा ना, माय."

"शेठ, आठ तास व्हई ग्यात. पुढला तास तुमना नही, मन्ही नातना शे."

त्या दिवशी उरलेल्या मिरच्यांचे देठ शेठ आणि मी खुडले, शिंकत शिंकत.

पण तिचं खरं रूप मी पाहिलं ते फाल्गुनातल्या एका दुपारी. सातपुड्यातून नुकतीच कामाला आलेली एक सात महिन्यांची गरोदर बाई उन्हात कोसळली. "कुणाची रिक्षा मिळते का बघ," शेठ मला म्हणाले. तोवर मावशीने शेठच्याच कोऱ्या मोटारीचं दार उघडून बाईला मागच्या सीटवर निजवलंही होतं. "कामवर पडनी, म्हंजे जबाबदारी तुमनी. चाला." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. शेठ चावी काढून गाडीत बसले. बाई वाचली, बाळही. चौथ्या दिवशी पथारीवर सावलीसाठी मांडव उभा राहिला आणि शेठनी मला हळूच विचारलं, "त्या तक्त्यात आणखी काय काय लिहिलंय रे?"

यंदा गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून मावशी घरीच असते. परवा संध्याकाळी गेलो, तर चुलीपुढे भाकरी थापत होती. तिची सून म्हणाली, पहाटेपासून थांबल्याच नाहीत, ऐकतच नाहीत.

"मावशी, तुझी सुट्टी कधी गं?" मी हसत विचारलं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "आठे, घरमा, कोनले सांगू रे भाऊ?"

मी तिच्यापुढची परात ओढून घेतली. माझी पहिली भाकरी तव्यावरच फाटली. मावशीने तीच आपल्या ताटात वाढून घेतली.