तिसरा पुकारा

आपल्या मराठी मंडळाने एका अमेरिकन जनरलांचा अमृतमहोत्सव साजरा करावा, हे काहींना खटकलं. खटकू दे. जनरल रसेल ऑल्डन नसते तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

आमची पहिली ओळख इथे फोरबर्गला, आमच्या इमारतीखालच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी झाली. मी प्लास्टिक कागदाच्या डब्यात टाकत होतो. त्यांनी ते काढून योग्य जागी टाकलं आणि माझं नाव विचारलं. साधे शिपाई म्हणून भरती होऊन जनरलपदाला पोचलेले, दोन युद्धं पाहिलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर पत्नीच्या या माहेरगावी, आमच्याच इमारतीत स्थायिक झालेत, हे मागाहून कळलं.

लॉकडाऊनमध्ये आमच्या इमारतीत एकेकटे राहणारे आम्ही सहा मराठी इंजिनिअर. प्रत्येकाची जादा किल्ली जनरलांनी मागून घेतली. रोज संध्याकाळी पाचला ते खाली उभे राहून हजेरी घेत, आम्ही बाल्कनीतून ओ द्यायची. पण यादीत पहिलं नाव असायचं मिलर. त्या नावाचं इमारतीत कुणीच नव्हतं. माझ्या शेजारच्या, वर्षभर बंद असलेल्या घराकडे पाहत ते दोनदा पुकारत, थांबत, मग पुढे जात. "म्हातारबा चळले," असं मीच म्हटलंय. आज लाज वाटते.

एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "माझ्या तुकडीतला शिपाई. एका संध्याकाळी मी हजेरीचा कंटाळा केला. तो सकाळी सापडला. आमच्या फौजेत गेलेल्याचं नाव शेवटच्या हजेरीत तीनदा पुकारतात. तिसऱ्यांदा माझी जीभ रेटत नाही."

दुसऱ्या लाटेत मी तापाने फणफणलो. पुण्यात आईला कळेल म्हणून कुणालाच सांगितलं नाही. पाचला हाक आली. उठवेना. दुसरी आली. तोंडातून आवाज फुटेना. तिसरी आली की आपण संपलो, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून, त्या बंद घरातून, कुणीतरी इंग्रजीत शांतपणे म्हणालं, "सर, तो आत पडलाय." मग जिन्यावर बूट वाजले आणि कुलपात किल्ली फिरली.

तापातला भास, असं डॉक्टर म्हणाले. मीही तेच धरून चाललो होतो. इस्पितळातून परतल्यावर आठवडाभर जनरल स्वतः केलेलं सूप आणून देत, त्यात मीठ नसे. एकदा विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"मिलर बोलला ना," ते म्हणाले आणि मिठाची बाटली पुढे सरकवली. त्या दिवसापासून ते नाव हजेरीत नाही.

हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून हजेरी मी घेतो. पहिलं नाव त्यांचंच. काल दोनदा पुकारावं लागलं. मी जिना धावत चढलो, तर साहेब खुर्चीत घोरत होते. बाईसाहेब हसल्या, मला मात्र रडू आलं. साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या नावाचा तिसरा पुकारा माझ्या तोंडून कधी न निघो.