ओक-बुन आजीचा खरा फोटो

थंडी पडली की आमच्या टेकडीवर एका मदत संस्थेची माणसं यायची. घराघरात फुकट कोळसा टाकायची आणि फोटो काढायची. टेकडीखाली माझंही फोटोचंच दुकान, पण त्यांचे फोटो बघून माझं डोकं फिरायचं.

ओक-बुन आजी आदल्या दिवशी खोली लख्ख करायची. गाद्यांच्या घड्या, नातीच्या वेण्या, आणि पायानं अधू मुलाच्या, चांग-सिकच्या मागे दाढीसाठी भुणभुण. आणि तो कॅमेरावाला साहेब बुटांसकट थेट आत! वर म्हणायचा, "आजी, गाद्या पसरा. तो फाटका कोट घाला. आता जरा खाली बघा."

"का रे बाबा, माझी मान मोडलीय?" आजी विचारायची. पण कोळसा हवाच होता. मग बघायची खाली. झक मारत.

तेच फोटो देणग्या मागायला मेट्रो स्टेशनात भिंतभर लागले. नात शाळेत जाईना.

एके दिवशी आजी दोघांना घेऊन दुकानात हजर. अंगावर लग्नातला निळा हानबोक, आमचा सणासुदीचा पायघोळ पोशाख; केस चापूनचोपून बसवलेले.

"शेठ, मेल्यावर पुढ्यात ठेवायला फोटो काढ माझा. तो भिंतीवरचा ठेवलास ना, तर भूत होऊन तुझ्या मानगुटीवर बसेन!"

आधी तिघांचा काढला. "चांग-सिक, ताठ बस! कुणाचं काही चोरलंयस का?" आजी खेकसली. मग तिचा एकटीचा. बाई अशी रोखून बघत होती की मीच चपापलो.

फोटोंचं पाकीट घेऊन साहेबाकडे गेलो. म्हटलं, "हे लावा की भिंतीवर." त्यानं पाकीट उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "स्टुडिओतले फोटो बघून कोण मदत देतं हो?" जिन्यावरून उतरताना मी त्याला काय काय शिव्या घातल्या ते इथे सांगत नाही.

यंदा आजी गेली. इस्पितळाच्या तळघरात अंत्यदर्शनाची दालनं असतात, त्यातल्या एकात तिचा तो फोटो पांढऱ्या शेवंतीत ठेवला, वर काळी फीत. काळ्या कोटातला चांग-सिक शेजारी उभा, लोकांचे नमस्कार घेत. मी दाराशी बसलो होतो.

साहेब आला. हातात घरच्यांना द्यायच्या पैशांचं जाड पाकीट. फोटोकडे बघितलं, चांग-सिककडे बघितलं, आणि ओशाळून माझ्याकडे वळला.

"माफ करा, चुकलो वाटतं. ती कोळशावाली आजी कुठल्या दालनात आहे?"