रिकाम्या माठाचे सोळा मार्क

पेपरावर लाल शाईत लिहिलं होतं, "प्रतीकाचा अर्थ चुकला. भाषा सुधारा." खाली सोळापैकी दोन. दोन तरी कशाचे दिले, ते कळत नव्हतं. बहुधा प्रश्नाचा नंबर बरोबर टाकल्याचे.

मी कडेगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. राहायला सांगलीत, रोज एसटीनं येऊन-जाऊन. आमचं कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे पेपर आम्हीच काढतो आणि आम्हीच तपासतो. कुणी मनमानी करू नये म्हणून मॉडरेशन असतं. एकानं तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर दुसऱ्यानं पुन्हा बघायचे, नापासांचे तर सगळेच. हा गठ्ठा आमचे एचओडी चौगुले सर यांनी तपासलेला होता. एचओडींच्या गठ्ठ्याचं मॉडरेशन म्हणजे शेवटच्या पानावर सही. अशा सह्या मी अकरा वर्षं इमानेइतबारे केल्या आहेत.

त्या दिवशी दुपारची एसटी चुकली. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पेपर वाचला.

प्रश्न होता, "नेमलेल्या कथेतील पूर्वग्रह, प्रतीक आणि उपरोध यांची चर्चा करा." पूर्वग्रह म्हणजे माणूस बघायच्या आधीच त्याच्याबद्दल मत करून टाकणं. प्रतीक म्हणजे एक वस्तू दाखवून दुसरंच काही सुचवणं. आणि उपरोध म्हणजे वरवर एक दिसणं, आतून नेमकं उलटं असणं.

कथा जुनी आहे, छोटी आहे. गंगू नावाची बाई एका घरी कामाला असते. मालकीणबाई चार दिवस माहेरी जातात. मागे पाहुणे येतात, भर उन्हात चालत आलेले, तहानलेले. माठात थेंब नाही. मालकांची फजिती होते. ते गंगूला आळशी, कामचुकार म्हणून काढून टाकतात. गंगू जाते, माठ तसाच राहतो. संपली कथा.

तपासणाऱ्यासमोर एक मॉडेल आन्सर असतं. त्यात होतं, "रिकामा माठ हे मानवी नात्यांतील पोकळीचे प्रतीक आहे." चौगुले सरांनी लिहिलेल्या गाईडातही हेच वाक्य आहे आणि वर्गात मीही हेच डिक्टेट करायचे. पेपरात 'पोकळी' सापडली की चार मार्क. बाकी काय लिहिलंय ते कुणी फारसं बघत नाही.

या पेपरात पोकळी नव्हती. होतं ते असं:

"माठ रिकामा आहे कारण तो कुणी भरला नाही. गंगूने का भरला नाही? दुसऱ्या पानावर मालकीण जाताना म्हणते, माठाला हात लावायचा न्हाई हं गंगू, बाकी सगळं घर तुझंच. तिला शिवायचीच बंदी होती. म्हणजे जे करू नको म्हणून सांगितलं ते केलं नाही म्हणून तिला काढली. उपरोध हाच आहे. पोकळी मला सापडली न्हाई."

पुढे आणखी होतं. "गोष्टीत गंगूच तेवढी हाय-न्हाई बोलते. मालकीणसुद्धा तिच्याशी बोलतानाच तसं बोलते. बाकी सगळे आहे-नाही. त्यामुळे चूक गंगूचीच असणार असं वाचणाऱ्याला आधीच वाटतं. मी पण घरी तसंच बोलते, तरी मला पण वाटलं. हा पूर्वग्रह."

मी पुस्तक काढलं. दुसरं पान. मालकीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं तिथं होतं. अकरा वर्षं ही कथा मी शिकवली होती. त्या वाक्यावरून किती वेळा बोट फिरवलं असेल! आणि पोरांना लिहून काय दिलं, तर पोकळी.

मी सोळापैकी तेरा दिले आणि चौगुले सरांच्या केबिनला गेले. माझा वार्षिक रिपोर्ट हेच सर लिहितात, हे वाटेत दोनदा आठवलं.

सरांनी पेपर लांब धरून वाचला. "पोकळी कुठाय यात?"

"नाहीये सर. माठ आहे."

"मोबाईलवरून ढापलेलं दिसतंय. बोलवा तिला."

सानिका मदने आली. शेवटच्या वर्षाची मुलगी. या पेपरात गेली, तर डिग्री लटकणार आणि बी.एड.चं वर्ष जाणार. घरी आत्यानं स्थळ आणूनच ठेवलेलं, ते तिनं मला नंतर सांगितलं. आत्ता ती नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हे कुठून उतरवलंस?" सरांनी विचारलं.

"कुठनं न्हाई सर. गाईड आणाय गेल्ते, तर संपलं हुतं. मग गोष्टच वाचली."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. हसू दाबायला तेवढीच जागा होती.

"बरं. माठ कशाचं प्रतीक आहे?"

"सर, आधी तो माठ हाय. पाण्याचा. त्याचं काय झालं ते कळल्याबिगर प्रतीक कसं काढायचं?"

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, विषय कशाला वाढवायचा? दोनाचे पाच करा, एकूण बेरजेत पोरगी पास होतीय. झालं."

खरं सांगते, मला ते पटत चाललं होतं. तिचं वर्ष वाचत होतं, सरांचं गाईड वाचत होतं आणि मला पुढची एसटी मिळत होती. मी पेन उघडलं.

सानिका म्हणाली, "मॅडम, असं पास करू नगा. माझं चुकलं असंल तर कुठं चुकलं तेवढं सांगा. मग मी परत बसते."

पेन उघडं तसंच हातात राहिलं. तिला सांगण्यासारखी चूक माझ्याकडे नव्हती. चूक माझी स्वतःचीच होती आणि ती या पोरीसमोर बोलायचं धाडस होत नव्हतं. मी पुस्तक सरांपुढे सरकवलं. "सर, दुसरं पान."

सरांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. "मुद्रणदोष असंल," म्हणाले. मग लायब्ररीतून जुनी आवृत्ती मागवली. तिच्यातही मालकीणबाई तेच म्हणत होत्या. सरांनी पुस्तक मिटलं आणि चहा सांगितला. दोनच कप. सानिकाला म्हणाले, "जा तू. बघतो आम्ही."

नियम असा आहे की दोघांच्या मार्कांत फार अंतर पडलं, तर पेपर तिसऱ्याकडे जातो. माझ्या तेरावर मी अडून बसले, त्यामुळे पेपर साताऱ्याच्या एका निवृत्त बाईंकडे गेला. त्यांनी चौदा दिले आणि खाली एक ओळ लिहिली, "इतर उत्तरपत्रिकांतील पोकळी कोणी तपासली?" ती ओळ सरांनी प्राचार्यांपर्यंत जाऊ दिली नाही. मीही नेली नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, आजही नाही. माझा रिपोर्ट 'समाधानकारक' आला. आधी 'उत्तम' यायचा.

सानिका पास झाली, बी.एड.ला लागली. चौगुले सरांच्या गाईडाच्या नव्या आवृत्तीत एक परिच्छेद वाढला, "काही अभ्यासकांच्या मते माठाला स्पर्श करण्यास गंगूला मनाई होती." काही अभ्यासक म्हणजे कोण, ते सरांना माहीत आहे, मला आणि सानिकाला. पुढच्या वर्षी वर्गातल्या निम्म्या पोरांनी ते वाक्य स्वल्पविरामासकट उतरवलं. मी मार्क दिले. काय करणार, उत्तर बरोबर होतं.

निकालानंतर सानिका मार्कलिस्ट न्यायला आली होती, तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, "चूक माझी होती गं. मीच तुम्हाला पोकळी लिहून दिली. मी सांगत होते, तेव्हा वर्गातच का नाही विचारलंस?"

"मॅडम, तुमी लय फास्ट सांगत हुता," ती म्हणाली. "लिवून घेताना इचार कराय टाईमच मिळायचा न्हाई."

तेव्हापासून मी सावकाश शिकवते. आधी कथा वर्गात मोठ्यानं वाचून घेते. पोर्शन पूर्ण होत नाही. मॅडम नोट्स देत नाहीत, अशी पोरांची लेखी तक्रार प्राचार्यांकडे गेली आहे. भाषा प्रमाण आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही.